परदेशात भेटणारा रुपया

परदेशवारीला निघणाऱ्या मराठी कुटुंबाइतकी तयारी क्वचितच कोणी करत असेल. बॅगांचं वजन घरातल्या काट्यावर तीनदा होतं. २३ किलोंच्या वर दोनशे ग्रॅम गेले की स्वेटरला घरी राहावं लागतं, चिवड्याला नाही. उपम्याचं आणि पोह्यांचं कोरडं मिश्रण पुड्या बांधून निघतं, कारण हॉटेलच्या खोलीत चहासाठी ठेवलेल्या किटलीत पाणी फुकट उकळतं आणि स्वित्झर्लंडमध्ये नाश्त्याला काय पडतं ते शेजाऱ्यांनी आकड्यासकट सांगून ठेवलेलं असतं. युरोपात स्वच्छतागृहालाही नाणी मोजावी लागतात हे ऐकल्यापासून कुटुंबप्रमुख रोज सकाळी हॉटेल सोडायच्या आधी सगळ्यांना ‘जाऊन या’ म्हणून दटावतो. पाण्याची बाटली विकत घेणं हा कुळाला बट्टा मानला जातो. एवढं सगळं सांभाळलेलं हेच कुटुंब संध्याकाळी जेवायला बसतं, कार्ड काढतं, मशीनला टेकवतं आणि बिलावर चार टक्के जास्त देऊन, वर ‘थँक यू’ म्हणून हसतमुखाने बाहेर पडतं. चार टक्के गेले याची कोणाला खबरही नसते. त्या चार टक्क्यांत पंधरा दिवसांचा स्वच्छतागृहाचा खर्च सगळ्या कुटुंबासकट निघाला असता.

याचा अर्थ आपण उधळे आहोत असा मुळीच नाही. आपली काटकसर अस्सल आहे, फक्त तिला समोर कोणीतरी लागतं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारा माणूस भाजीवालीच्या चेहऱ्याकडे बघूनच ठरवतो की आता आणखी दोन रुपये ओढावेत की जुडी मुकाट पिशवीत टाकावी. रिक्षावाला, केबलवाला, सोसायटीचा सेक्रेटरी या सगळ्यांना चेहरा आहे आणि वेळप्रसंगी आवाजही आहे. टक्केवारीला यातलं काहीच नसतं. ती जेवणाच्या टेबलावर येत नाही. ती तीन आठवड्यांनी स्टेटमेंटमध्ये बारीक अक्षरांत येते, आणि तोवर आल्प्सचे फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरून झालेले असतात. आता भांडायचं कोणाशी? त्यात आपला दुसरा एक हळवा कोपरा आहे. परक्या मुलखात ओळखीचं काही दिसलं की आपण विरघळतो. लंडनमध्ये वडापावची पाटी दिसली की किंमत न वाचता आत शिरतो. मशीनच्या पडद्यावर रुपया दिसला की तसंच होतं. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, की परदेशात जिथे जिथे रुपया आपणहून आपल्याला भेटायला येतो, तिथे तो येण्याजाण्याचा खर्च आपल्याकडूनच वसूल करतो. बाकी मार्कअप, शुल्कं, कर ही सगळी त्याचीच पिलावळ आहे.

आधी साधा हिशोब बघू. पॅरिसच्या हॉटेलचं बिल झालं ५०० युरो. सोपं पडावं म्हणून युरोचा भाव शंभर रुपये धरू. म्हणजे ५०,००० रुपये. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हे जे मधले जाळेवाले आहेत ते स्वतःच्या दराने युरोचे रुपये करतात, आणि त्यांचा दर बाजारभावापासून फार लांब नसतो. इथवर सगळं सज्जनपणे चाललेलं असतं. मग आपली बँक पुढे येते. परक्या चलनातला व्यवहार तिने हाताळला म्हणून ती मार्कअप लावते, आणि भारतात सर्रास दिसणाऱ्या कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो. झाले १,७५० रुपये. हे शुल्क म्हणजे सेवा आणि सेवा म्हटली की १८ टक्के जीएसटी आलाच. ते ३१५ रुपये. एकूण २,०६५. साडेतीन टक्के म्हणून सांगितलेला आकडा प्रत्यक्षात ४.१३ टक्के निघतो तो असा. इतकं मनोरंजक गणित शाळेत शिकवलं असतं तर टक्केवारीचा धडा कोणी ऑप्शनला टाकला नसता. आणि ‘हाताळणं’ म्हणजे नेमकं काय, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर असं, की संगणकाने एका आकड्याला दुसऱ्या आकड्याने गुणलं. तोच गुणाकार काही कार्डांवर दोन टक्क्यांत होतो, आणि काही कार्डांवर फुकटही होतो. म्हणजे गुणाकार महाग नाही, गिऱ्हाईक विचारत नाही.

पण हे २,०६५ रुपये म्हणजे अजून घरचंच प्रकरण आहे. खरा खेळ काउंटरवर होतो. वेटर मशीन आपल्यापुढे धरतो आणि पडद्यावर दोन आकडे येतात. एक युरोत, एक रुपयांत. सातासमुद्रापलीकडे, फ्रेंच माणसाच्या हातातल्या मशीनवर रुपयाचा आकडा! ऊर भरून येतो. शिवाय ५०० युरो म्हणजे किती, हा गुणाकार सकाळपासून डोक्यात करून करून मेंदू शिणलेला असतो. तो आयता करून मिळतो आहे. मागे रांग उभी असते, वेटर सौजन्याने वाट बघत असतो. आपण रुपयावर बोट ठेवतो. या सोयीला धंद्यातले लोक डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात आणि डीसीसी या लाडक्या नावाने हाक मारतात. यात युरोचे रुपये व्हिसा-मास्टरकार्डच्या दराने होत नाहीत. मशीनमागे बसलेली दुसरीच कंपनी स्वतःच्या दराने ते करते. त्या दरात तीन टक्क्यांपासून सात-आठ टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त मलई असते, आणि तिच्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो. सहा टक्के धरले तर आपलं बिल ५३,००० रुपये झालं. पण गोष्ट इथे संपत नाही. अनेक भारतीय बँका परदेशातल्या दुकानाने रुपयात लावलेल्या बिलावरही एक टक्क्याच्या आसपास शुल्क घेतात, काही तर पूर्ण मार्कअप घेतात. एकच टक्का धरू. ५३० रुपये, अधिक त्यावरचा जीएसटी ९५. म्हणजे रुपयाला भेटल्याचा आनंद एकूण ३,६२५ रुपयांना पडला. युरो दाबला असता तर साडेतीन टक्क्यांच्या महागड्या कार्डावरही २,०६५ मध्ये सुटका होती.

यावर पहिला आक्षेप हिशोबी माणसाचा असतो आणि तो फेकून देण्यासारखा नाही. तो म्हणतो, रुपयात आकडा दिसला की किती गेले ते तिथल्या तिथे पक्कं कळतं. युरोत दिले तर बँक दोन दिवसांनी कुठला दर लावेल देव जाणे, आणि तोवर रुपया घसरला तर? खरं आहे. कार्ड टेकवल्याच्या दिवशीचा दर आणि हिशोब मिटल्याच्या दिवशीचा दर वेगळा असू शकतो. पण तो फरक साधारणपणे पैशांत मोजायचा असतो. दोन दिवसांत रुपया सहा टक्के कोसळला तर हॉटेलचं बिल ही त्या आठवड्यातली आपली सगळ्यात किरकोळ काळजी असेल. आणि नक्की आकडाच हवा असेल तर व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही संकेतस्थळांवर रोजचा दर असतो. तिथे बँकेचा मार्कअप घालून आकडा काढायची सोयही आहे. हॉटेलच्या फुकट वायफायवर ते एका मिनिटात होतं. निश्चितीला किंमत असावी हे मान्य. पण इथे आपण जास्त पैसे नक्की गेल्याची निश्चिती विकत घेत असतो.

युरोपीय संघालाही हा प्रकार खटकला होता. त्यांनी २०१९ साली नियम केला की असं रूपांतर करणाऱ्याने आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त आहे ते आधी दाखवावं, आणि २०२० पासून तो लागू केला. मात्र तो मुळात युरोपातल्या युरोपात फिरणाऱ्यांसाठी आहे, आपल्या रुपयाची काळजी त्यात कोणी वाहिलेली नाही. आपल्याला आधार आहे तो कार्डवाल्या कंपन्यांच्याच नियमाचा. त्यानुसार कुठल्या चलनात पैसे द्यायचे हे गिऱ्हाइकाला विचारणं दुकानदारावर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात वेटर कधीकधी आपल्या वतीने स्वतःच बटण दाबून मोकळा होतो. त्याच्या मनात पाप असतंच असं नाही. मालकाने सांगितलेलं असतं की भारतीय कार्ड आलं की हिरवं बटण. अशा वेळी व्यवहार रद्द करून पुन्हा युरोत करायला सांगायचं, एवढंच आपल्या हातात असतं. तिथे आपली जीभ जड होते. दादरच्या दुकानात साडीच्या बारा घड्या उलगडायला लावून ‘नको, रंग जरा वेगळा हवा होता’ असं निर्विकारपणे सांगणाऱ्या माणसाला पॅरिसमध्ये ‘युरो, प्लीज’ हे दोन शब्द जड जातात. वाक्यात व्याकरण नाही, क्रियापद नाही, चुकायला जागा नाही. तरीही.

एटीएमवर तर माणूसही नसतो, त्यामुळे तिथे भिडस्तपणाऐवजी भीती कामाला येते. पर्यटकांच्या गल्लीतल्या एटीएमचा पडदा आपल्याला विचारतो, रूपांतर स्वीकारता की नाकारता? स्वीकारण्याचं बटण मोठं, हिरवं, प्रसन्न. नाकारण्याचं बटण लहान, करडं आणि खाली असा काही मजकूर, की वाचणाऱ्याला वाटावं आता कार्ड आत गडप होणार आणि पोलीस येणार. प्रत्यक्षात नाकारलं तरी पैसे तेवढेच येतात, फक्त रुपयांचं गणित त्या यंत्राऐवजी कार्ड कंपनी करते. पण मुळात क्रेडिट कार्डाने परदेशात रोकड काढणं हाच असा उद्योग आहे की त्यात सगळी शुल्कं एकाच वेळी पंगतीला बसतात. समजा २०,००० रुपयांइतकं परकी चलन काढलं. रोकड काढण्याचं शुल्क बऱ्याच बँकांत अडीच टक्के, म्हणजे ५०० रुपये आणि जीएसटी ९०. मार्कअप ७०० आणि जीएसटी १२६. खरेदीवर मिळते तशी बिनव्याजी मुदत रोकडीवर नसते. पैसे हातात पडल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. महिन्याला पावणेचार टक्के दर धरला तर महिनाभराचे ७५०, आणि व्याजावरही जीएसटी, १३५. बेरीज २,३०१ रुपये, म्हणजे साडेअकरा टक्के. हे सगळं झाल्यावर स्थानिक एटीएमवाला स्वतःचं शुल्क घेतो ते निराळंच. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून अधिक बाट कापले जातात, मग तुम्ही हजार बाट काढा की दहा हजार. गावच्या सावकाराने एवढं व्याज लावलं असतं तर त्याच्यावर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या असत्या. एटीएमवर अजून कोणी लिहिलेली दिसत नाही.

हे ऐकून घरातली जुनी पिढी समाधानाने मान डोलावते आणि म्हणते, तरी सांगत होतो, रोख न्या. रोखीच्या भक्तांना इतिहासाचा पाठिंबा आहे. एके काळी परदेशी जाणाऱ्या भारतीयाला सरकार आठ डॉलर देऊन निरोप द्यायचं. आठ डॉलरमध्ये फसवणूक व्हायलाही जागा नसते. आज रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली माणूस वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो. बहुतेक देशांना जाताना त्यातले ३,००० डॉलरपर्यंत नोटांच्या रूपात बरोबर नेता येतात. तेव्हा पैसा बाहेर जाऊ नये ही काळजी सरकार करायचं, आता ती आपल्यावर आली आहे. पण रोख स्वस्त असते हा गोड गैरसमज आहे. विमानतळावरच्या खिडकीवर ‘झीरो कमिशन’ लिहिलेलं असतं आणि ते शब्दशः खरं असतं. कमिशन घेत नाहीत, कारण विकायचा दर आणि विकत घ्यायचा दर यांमध्ये जे अंतर ठेवलेलं असतं त्यात सगळं भागतं. जाताना एक दर, उरलेल्या नोटा परत करताना दुसरा, आणि नाणी तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. म्हणून मराठी घरांच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी वाटीभर परकी नाणी असतात. त्या वाटीची बेरीज कोणी करत नाही, हेच बरं. थोडी रोख हवीच, टॅक्सीला, बाजारात, देवळात. पण ती शहरातल्या दोन-तीन ठिकाणी भाव विचारून, निघायच्या आठवडाभर आधी घ्यावी. विमानतळावरचा भाव हा बस चुकलेल्या माणसासाठी ठेवलेला भाव असतो.

मग येतं फॉरेक्स कार्ड. टूर कंपनीच्या मीटिंगमध्ये चहा-बिस्किटांबरोबर त्याचं माहितीपत्रक मिळतं. आधीच पैसे भरा, दर पक्का करा आणि निर्धास्त फिरा. कल्पना चांगली आहे आणि एकाच चलनाच्या देशात ती खरोखर कामाचीही आहे. घोळ होतो तो आपल्या सहलींच्या स्वभावामुळे. दहा दिवसांत सहा देश बघितल्याशिवाय आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. कार्डात भरलेले असतात युरो आणि खर्च होतो स्विस फ्रँकमध्ये. मग कार्डवाला युरोचे फ्रँक करतो आणि त्याचं शुल्क लावतो, अनेकदा तेच ओळखीचे साडेतीन टक्के. म्हणजे ज्याच्यापासून पळून आलो तो आल्प्सच्या पायथ्याशी आपली वाट बघत उभा असतो. शिवाय कार्ड घेण्याचं शुल्क, पुन्हा पैसे भरण्याचं शुल्क, काही कार्डांवर ती वापराविना पडून राहिल्याचं शुल्क, आणि उरलेले ३७ युरो ‘पुढच्या वेळी होतील’ म्हणून ठेवून दिले की कार्डाची मुदत संपते. फॉरेक्स कार्ड घ्यायचंच तर चलनं विचारून घ्या, आणि परत आल्यावर उरलेले पैसे काढून घ्या. ते कार्ड पाकिटात ठेवल्याने पुढची सहल लवकर येत नाही.

या सगळ्या गोंधळात सरकारने मागे राहणं बरं दिसलं नसतं. १६ मे २०२३ रोजी अर्थ मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि परदेशात क्रेडिट कार्डाने केलेला खर्चही त्या अडीच लाख डॉलरच्या योजनेत मोजायचं ठरवलं. योजनेत आला म्हणजे त्यावर उगमाजवळच कर गोळा करायचा, आणि त्याचा दर १ जुलैपासून वीस टक्के होणार होता. रोममध्ये आइस्क्रीम खाल्लं तर भारतात वीस टक्के कर कापला जाणार, अशी हवा तीन दिवसांत झाली. १९ मे रोजी खुलासा आला की सात लाखांपर्यंत चिंता नको. आणि २८ जून रोजी, आरडाओरडा पुरेसा झाल्यावर, क्रेडिट कार्डाचं हे सगळं प्रकरण पुढे ढकलण्यात आलं. बाकीच्यांसाठी नवे दर १ ऑक्टोबर २०२३ पासून आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून ती सात लाखांची मर्यादा दहा लाख झाली. गंमत अशी, की फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे त्या योजनेत मोजले जातात. क्रेडिट कार्डाने परदेशात प्रत्यक्ष केलेला खर्च तेव्हापासून बाहेर थांबलेला आहे. त्या सहा आठवड्यांत मात्र एक नवल घडलं. जो कर आयकर विवरणपत्रात वळता करून किंवा परत मिळवता येतो, त्याच्यावर देशभर चर्चासत्रं झाली. जो ४.१३ टक्के कधीच परत येत नाही, त्याच्याबद्दल कोणी तोंड उघडलं नाही. सरकारला चेहरा आहे ना, म्हणून.

आता पॉइंटवाल्यांचा आक्षेप. हे लोक संख्येने वाढत आहेत आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले की ओळखू येतात. त्यांचं म्हणणं, मार्कअप जाऊ दे, आम्हाला प्रत्येक शंभर रुपयांवर पॉइंट मिळतात, वर विमानतळाच्या लाउंजमध्ये इडली फुकट. पॉइंट मिळतात हे खरं. पण एका पॉइंटची किंमत अनेक कार्डांवर चार आण्यांच्या घरात असते आणि तो खपवायला त्यांच्याच यादीतली वस्तू घ्यावी लागते. शंभराला चार पॉइंट मिळाले तर परतावा झाला एक टक्का. चार टक्के देऊन एक टक्का परत आणण्याला आपल्याकडे व्यवहार म्हणत नाहीत. महागड्या कार्डांवर पॉइंटांची किंमत मार्कअपच्या वर जाते, हेही मान्य करायला हवं. पण तिथे वार्षिक शुल्क बसतं. हाच नियम शून्य मार्कअपच्या कार्डालाही लावून बघा. समजा त्याचं वार्षिक शुल्क ५,००० आहे. जीएसटी धरून ५,९००. साडेतीन टक्क्यांच्या कार्डापेक्षा ते फायद्याचं ठरायला वर्षाला परदेशात साधारण १,४३,००० रुपये कार्डाने खर्च व्हायला हवेत. दरवर्षी मुलाकडे अमेरिकेत चार महिने राहणाऱ्या आजी-आजोबांना ते परवडेल, पण आयुष्यात एकदा सिंगापूरला जाऊन सोसायटीला पाच वर्षं सांगत बसणाऱ्याला नाही. वार्षिक शुल्क नसलेलं किंवा नाममात्र असलेलं, कमी मार्कअपचं कार्डही बाजारात मिळतं. त्यावर इडली मिळत नाही. ती घरून न्यायला कोणाची हरकत आहे?

शेवटचा आक्षेप सगळ्यात मोठ्या मनाचा असतो. तीन-चार लाखांची सहल करायची आणि दोन-चार हजारांसाठी जीव आटवायचा, याला काही अर्थ आहे का? आक्षेप घेणारा माणूस सहसा स्वतःचं बिल स्वतः वाचत नाही, हे सोडा. आकड्याने बोलू. दोघांच्या सहलीत दोन लाख रुपये कार्डाने खर्च झाले तर ४.१३ टक्क्यांनी ८,२६० रुपये जातात. निम्मी बिलं मशीनच्या रुपयात गेली तर आकडा दहा हजारांपुढे सरकतो. एवढ्यात व्हेनिसच्या गोंडोलात बसून होतं. आणि त्या गोंडोलाचा भाव ऐकून हेच जोडपं काठावर उभं राहून, दुसऱ्यांचा गोंडोला मागे येईल असा फोटो काढून परत आलेलं असतं. काटकसरीलाही नेम हवा असतो. आपण मौज वाचवतो आणि शुल्क भरतो, एवढीच तक्रार आहे. शिवाय हा रोग फक्त परदेशी जाणाऱ्यांचा राहिलेला नाही. पुण्यात सोफ्यावर बसून, परदेशात नोंदवलेल्या संकेतस्थळावर बालीची खोली रुपयांत बुक केली तरी अनेक बँका तो परदेशी व्यवहार समजून शुल्क लावतात. बुकिंग रद्द झालं तर परतावा त्या दिवशीच्या दराने येतो आणि मार्कअप बहुधा येतच नाही. पासपोर्टवर शिक्का नाही, पण स्टेटमेंटवर आहे.

काही ठिकाणी रुपया आता सभ्यपणे भेटू लागला आहे, हेही नोंदवायला हवं. भूतानमध्ये २०२१ पासून भीम यूपीआय चालतं. २०२४ च्या फेब्रुवारीत आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी, आणि त्याच महिन्यात श्रीलंकेत आणि मॉरिशसमध्येही यूपीआय सुरू झालं. क्यूआर कोड दिसला की आपला हात आपोआप खिशात जातो, इतकी सवय झाली आहे. पण तिथेही चलन बदलतं आणि बदलण्याचा दर कोणीतरी ठरवतं. ‘पे’ दाबण्याआधी तो दर एकदा वाचून घ्यावा.

तेव्हा निघण्यापूर्वी चिवड्याच्या पिशव्या मोजून झाल्या की दहा मिनिटं काढा. आपल्या प्रत्येक कार्डाचा परकी चलनाचा मार्कअप किती, ते बँकेच्या शुल्कपत्रकात बघा आणि सगळ्यात कमीचं कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी कार्डं परदेशातल्या वापरासाठी आपणहून सुरू केल्याशिवाय चालत नाहीत. ते बटण ॲपमध्ये घरीच चालू करा. प्रागच्या काउंटरवर, रोमिंग बंद असताना, ओटीपीची वाट बघत नको. मशीनवर दोन आकडे आले की स्थानिक चलन दाबा आणि वेटरने आधीच रुपया दाबला असेल तर व्यवहार रद्द करायला सांगा, मागच्या रांगेला काय वाटायचं ते वाटू द्या. परत आल्यावर तेच बटण बंद करा आणि पावत्या लगेच फेकू नका. न विचारता रुपयात बिल लावलं असेल तर त्याविरुद्ध आपल्या बँकेकडे तक्रार करता येते. त्या तक्रारीला मुदत असते, म्हणून स्टेटमेंट आलं की फोटो नंतर पाठवा, आधी ते वाचा.